ढगांखालची टपालवाट

भारतातील नागरी विमानवाहतुकीचा इतिहास सांगताना १५ ऑक्टोबर १९३२ ही तारीख हटकून येते. त्या दिवशी सकाळी साडेसहाच्या सुमारास जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा हा २८ वर्षांचा तरुण कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून पस मॉथ जातीचे एका इंजिनाचे छोटे विमान घेऊन निघाला. वाटेत अहमदाबादला तो थांबला, तेथे बैलगाडीतून आणलेल्या डब्यांतले इंधन भरून घेतले आणि दुपारी दोनच्या आत मुंबईत जुहूला उतरला. विमानात प्रवासी नव्हता. इम्पीरियल एअरवेजने लंडनहून कराचीपर्यंत आणलेली टपालाची पिशवी तेवढी होती. तिच्यातला पुढचा वाटा घेऊन नेविल विन्सेंट हा दुसरा वैमानिक बेल्लारीमार्गे मद्रासकडे निघाला. पुढे जिचे नाव एअर इंडिया झाले त्या कंपनीचा हा प्रारंभ होय.

या उड्डाणाच्या वर्णनात गॉगल आणि गणिताची सरकपट्टी यांचा उल्लेख असतो, अंतर आणि वेळ यांचे आकडे असतात. आकाश कसे होते याविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. ते स्वाभाविकही आहे. ऑक्टोबरच्या मध्यास नैर्ऋत्य मोसमी पाऊस पश्चिम भारतातून परतलेला असतो आणि कच्छपासून कोकणापर्यंतचे आकाश सहसा मोकळे असते. म्हणूनच ते पहिले उड्डाण ऐतिहासिक असले तरी त्या उपक्रमाची खरी परीक्षा नव्हते. ती परीक्षा पुढच्या जूनमध्ये सुरू व्हायची होती, आणि जेआरडींच्या कर्तृत्वाचे माप घ्यायचे तर १९३३ च्या त्या चार महिन्यांकडे पाहिले पाहिजे.

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील रतनजी दादाभॉय टाटा हे जमशेटजींच्या नात्यातले आणि त्यांच्या उद्योगातले भागीदार, तर आई सुझान ब्रिएर फ्रेंच. उत्तर फ्रान्समधील हार्देलो या समुद्रकाठच्या गावी टाटा कुटुंबाचे सुटीतले घर होते. १९०९ मध्ये इंग्लिश खाडी विमानाने ओलांडणारा पहिला माणूस लुई ब्लेरिओ याचेही घर तिथेच होते. त्या किनाऱ्यावर उतरणारी विमाने पाहत वाढलेल्या मुलाने आपण वैमानिक व्हायचे असे ठरवले, तर त्यात नवल नाही. नवल याचे, की ते वेड टिकले. फ्रेंच सैन्यातील एका वर्षाची सक्तीची नोकरी आटोपून १९२५ मध्ये जेआरडी मुंबईला आले आणि टाटा कंपनीत बिनपगारी उमेदवार म्हणून जॉन पीटरसन या अधिकाऱ्याच्या हाताखाली बसू लागले. पुढच्याच वर्षी वडील वारले. केंब्रिजला जाऊन अभियांत्रिकी शिकण्याची इच्छा अपुरी राहिली आणि ती खंत त्यांना दीर्घकाळ राहिली.

१९२८ मध्ये जुहूला विमानतळ झाला, मुंबईत फ्लाइंग क्लब निघाला आणि जेआरडींनी तेथे नाव घातले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना मिळालेल्या वैमानिकाच्या परवान्यावर एक हा क्रमांक होता. भारतात दिला गेलेला तो पहिला परवाना. १९२९ मध्ये आगाखानांनी भारत ते इंग्लंड हे अंतर एकट्याने कापणाऱ्या पहिल्या भारतीयास बक्षीस जाहीर केले. त्या शर्यतीत जेआरडी कराचीहून पश्चिमेकडे निघाले आणि अस्पी इंजिनियर हा कोवळा तरुण इंग्लंडहून पूर्वेकडे. इजिप्तमध्ये अबुकीरच्या तळावर दोघांची गाठ पडली. अस्पीजवळचे स्पार्क प्लग संपले होते. जेआरडींनी आपल्याजवळचे प्लग त्याला दिले आणि अस्पीने काही तासांच्या फरकाने बक्षीस जिंकले. हाच अस्पी पुढे भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. ही कथा खिलाडूपणाचा नमुना म्हणून सांगितली जाते. परंतु तिच्यातून आणखी एक गोष्ट कळते. त्या काळचा वैमानिक रेडिओशिवाय, नकाशा, होकायंत्र आणि डोळे एवढ्यांवरच खंड ओलांडत असे. नदी, रेल्वेमार्ग, किनारा, डोंगराची कड या त्याच्या खुणा. खाली जमीन दिसत आहे तोवर तो सुरक्षित. ढगाने जमीन झाकली की त्याचे सारे ज्ञान निरुपयोगी ठरे.

विन्सेंट हा पूर्वी ब्रिटिश हवाई दलात असलेला वैमानिक. कराचीला येणारे विलायती टपाल विमानाने मुंबई आणि मद्रासला न्यावे ही योजना मुळात त्याची. १९२९ मध्ये त्याने ती जेआरडींपुढे मांडली. दोराबजी टाटा अनुत्सुक होते. दोन लाख रुपयांचा खर्च होता आणि सरकार अनुदान द्यायला तयार नव्हते. पीटरसन यांनी दोराबजींचे मन वळवले आणि कितीतरी पत्रापत्रीनंतर एप्रिल १९३२ मध्ये सरकारशी करार झाला. दोराबजी त्याच वर्षी जूनमध्ये निवर्तले. पहिले उड्डाण त्यांनी पाहिले नाही. कंपनीची सारी मालमत्ता म्हणजे दोन पस मॉथ विमाने, जुहूला झावळ्यांनी शाकारलेली एक शेड, तीन वैमानिक आणि तीन यंत्रज्ञ. तिसऱ्या वैमानिकाचे नाव होमी भरुचा.

अनुदान नसल्याचा अर्थ असा, की टपाल वेळेवर पोहोचले तरच पैसे. कराचीला इम्पीरियल एअरवेजचे विमान ठरल्या दिवशी सुटणार. मद्रासची आणि मुंबईची पिशवी त्याआधी तेथे पोहोचली नाही, तर आठवडाभर पडून राहणार. एखादी पिशवी चुकली की आगगाडीच काय वाईट होती, असे विचारायला व्यापारी मोकळे. त्यामुळे या सेवेचा जीव वेळापत्रकात होता. आणि वेळापत्रकाचा शत्रू होता पश्चिम घाटावरचा पावसाळा.

जुहूचा विमानतळ तेव्हा म्हणजे समुद्रकाठचा चिखलवट तुकडा. पावसाळ्यात त्याचे तळे होई. म्हणून जून लागताच कंपनी आपले बिऱ्हाड पुण्याला, येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावर हलवी. तळ कोरडा झाला खरा, परंतु त्यामुळे विमानांची गाठ थेट सह्याद्रीशी पडू लागली.

ही गाठ कशी असते ते मुंबईकराला पाहायचे असेल तर दूर जावे लागत नाही. अंबरनाथ आणि बदलापूर यांच्यामध्ये चिखलोली आहे. तिथल्या धरणाच्या परिसरातून जुलैमध्ये डोंगराकडे पाहिले, तर मलंगगड, चंदेरी आणि माथेरान या रांगेचा वरचा भाग दिवसेंदिवस दिसत नाही. ही रांग दोन ते अडीच हजार फुटांच्या घरातली. पावसाळी ढगांचा तळ कधी दीड हजार फुटांवर असतो, सर आली की आठशेवर, कधी त्याहूनही खाली. म्हणजे डोंगर जागच्या जागी आहे, पण त्याचा माथा ढगात आहे. रेल्वेने जाणाऱ्याला ते दृश्य रमणीय वाटते. त्याच वेळी ढगाखालून जाणाऱ्या विमानाला मात्र पुढे भिंत असते आणि वर छत असते. या रांगेच्या पूर्वेस उल्हास नदीचे खोरे, त्यापलीकडे घाटाची मुख्य कड, तिच्यावर तीन हजार फुटांपुढची शिखरे, आणि मग पुण्याचे पठार. कोकणातून पठारावर जायचे तर ढग आणि कडा यांच्यामधली फट सापडली पाहिजे. ती नसेल तर ढगांच्या वरून जाऊन पलीकडे खाली उतरायला भोक आहे अशी खात्री तरी पाहिजे. पस मॉथचा वेग ताशी शंभर मैलांच्या आसपास. एकच इंजिन. आत रेडिओ नाही.

अशा वेळी वैमानिकाला एकच माहिती हवी असते: आकाश किती झाकलेले आहे आणि झाकण किती उंचीवर आहे. विमानतळांसाठीच्या हवामान अंदाजात ढगांविषयी जे सांगितले जाते ते आजही नेमके एवढेच असते, फक्त आता ते सांकेतिक लिपीत असते. आकाशाचे आठ समान भाग कल्पिले जातात. एक वा दोन भाग झाकलेले असतील तर ‘फ्यू’, तीन-चार असतील तर ‘स्कॅटर्ड’, पाच ते सात असतील तर ‘ब्रोकन’ आणि आठही झाकले असतील तर ‘ओव्हरकास्ट’. पुढे ढगाच्या तळाची उंची शेकडो फुटांत. चार आणि पाच यांच्यामधली रेघ महत्त्वाची आहे. निम्म्याहून अधिक आकाश झाकणारा जो सर्वांत खालचा थर, त्याला ‘सीलिंग’ म्हणजे छत म्हणतात. आठशे फुटांवर चार अष्टमांश ढग असतील तर छत धरले जात नाही, पाच असतील तर धरले जाते. सामान्य वाचकाला हा फरक केसाएवढा वाटेल, परंतु विमान निघावे की नाही, इंधन किती घ्यावे आणि पर्यायी विमानतळ कोणता धरावा, हे त्या एका अष्टमांशावर फिरू शकते.

दुसरी एक गोष्ट वरवर क्षुल्लक आणि प्रत्यक्षात घातक. विमानतळाच्या अहवालात ढगाची उंची समुद्रसपाटीपासून नव्हे, तर त्या विमानतळाच्या जमिनीपासून मोजलेली असते. मुंबईचा विमानतळ समुद्रसपाटीलगत आहे, पुण्याचा सुमारे एकोणीसशे चाळीस फुटांवर. त्यामुळे मुंबईचा हजार फुटांवरचा ढग आणि पुण्याचा हजार फुटांवरचा ढग हे निरनिराळे ढग होत. पुण्याचा ढग समुद्रापासून मोजला तर जवळजवळ तीन हजारांवर भरतो. आणि दोन्ही अहवाल आपापल्या जागी अगदी खरे असले तरी मधल्या घाटावर काय चालले आहे ते दोन्हींपैकी एकही सांगत नाही. विमानतळाचा अंदाज हा विमानतळाच्या भोवतालापुरता असतो. मुंबई चांगली आणि पुणे चांगले म्हणून वाटही चांगली, असा निष्कर्ष काढणाऱ्याला सह्याद्रीने कधी माफ केलेले नाही.

१९३३ मध्ये जेआरडींच्या वैमानिकांना यातले कितपत उपलब्ध होते? अगदीच काही नव्हते असे नाही. भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले होते. वेधशाळांमधून हायड्रोजनचे छोटे फुगे सोडले जात. फुग्याचा चढण्याचा वेग ठाऊक असे. दुर्बिणीतून त्याच्याकडे पाहत राहायचे. वाऱ्याची दिशा आणि वेग त्यातून कळे, आणि किती मिनिटांनी तो ढगात दिसेनासा झाला यावरून ढगाचा तळ किती उंच तेही कळे. रात्री फुग्याखाली दिवा टांगत. ही पद्धत साधी आणि चोख होती. अडचण होती ती माहिती पोहोचण्याची. तारेने आलेली खबर काही तास जुनी असे आणि पावसाळी ढग काही मिनिटांत बदलतो. विमान उडाले की नवी खबर देण्याची सोयच नव्हती. तेव्हा निघण्यापूर्वीच ठरवून ठेवावे लागे: वाट बंद दिसली तर कुठून मागे फिरायचे, मागे फिरायला इंधन कुठपर्यंत पुरेल, आणि वाटेत कोणते मैदान चिखलातही उतरू देईल.

या शिस्तीचा परिणाम कागदावर उतरला आहे. पहिल्या वर्षात कंपनीच्या विमानांनी सुमारे एक लाख साठ हजार मैलांचे उड्डाण केले आणि दहा टनांवर टपाल वाहिले. नफा साठ हजार रुपये झाला. नागरी विमानवाहतूक खात्याने त्या वर्षाच्या अहवालात टाटांच्या सेवेचा मुद्दाम गौरव केला. मुंबई वा मद्रासची पिशवी कराचीला एकदाही चुकली नाही, मद्रासलाही टपाल कधी उशिरा पोहोचले नाही, आणि घाटावरच्या मुसळधार पावसाच्या महिन्यांतही शंभर टक्के वेळ पाळली गेली, असा त्याचा आशय होता. इम्पीरियल एअरवेजने आपली माणसे टाटांकडे शिकायला पाठवावीत, असा खोचक शेराही त्यात होता. परक्या सरकारच्या खात्याने साम्राज्याच्या नावाच्या कंपनीला मारलेला हा टोला वाचताना आजही मौज वाटते.

या यशाचे श्रेय केवळ धाडसाला देणे मात्र अन्यायाचे ठरेल. धाडसी वैमानिक त्या काळी पुष्कळ होते आणि त्यांतले पुष्कळ डोंगरांवर आदळून मेले. वेळ पाळण्याचे दडपण आणि ढग पाहून मागे फिरण्याचे शहाणपण या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत. त्या एकाच संस्थेत नांदवणे हे अवघड काम. शंभर टक्के वेळ पाळायची असेल तर वैमानिकाने ढगात घुसण्यापेक्षा व्यवस्थापकाने वेळापत्रकात जागा सोडलेली असावी लागते, पावसाळ्यात तळ हलवायची तयारी असावी लागते, सुटे भाग हाताशी असावे लागतात. जेआरडी या बाबतीत काटेकोर होते. एअर इंडियाच्या अध्यक्षपदी असताना विमानातील पडद्यांपासून चहापर्यंतच्या गोष्टींबद्दल ते टिपणे पाठवीत याच्या अनेक आठवणी सांगितल्या जातात. त्या वाचून काहींना तो हौशीपणा वाटतो. हा डोळा तयार झाला तो जुहूच्या झावळ्यांच्या शेडमध्ये, हे ध्यानात घेतले की त्यातले मर्म कळते.

१९३८ मध्ये वयाच्या ३४ व्या वर्षी ते टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. पोलाद, वीज, रसायने अशा उद्योगांचा भार अंगावर आला आणि स्वतः टपाल वाहण्याचे दिवस संपले. विन्सेंट जानेवारी १९४२ मध्ये इंग्लंडहून लष्करी विमानाने परतताना वाटेत नाहीसा झाला. पुण्याला विमानांचा कारखाना काढण्याची त्या दोघांची योजना त्याच्याबरोबर बुडाली. १९४६ मध्ये कंपनीचे नाव एअर इंडिया झाले आणि ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा मार्गे लंडनला गेले. जेआरडी त्या विमानात होते.

विमाने मोठी झाली, रेडिओ आला, तरी ढगाखालच्या डोंगराने पाठ सोडली नाही. १२ जुलै १९४९ रोजी केएलएम कंपनीचे कॉन्स्टेलेशन सांताक्रूझला उतरण्याच्या प्रयत्नात पावसाळी हवेत घाटकोपरच्या टेकडीवर आदळले. ती टेकडी सातशे फुटांचीही नाही. ४५ जण गेले. त्यांत नामवंत अमेरिकन पत्रकारांचा एक गट होता. ७ जुलै १९६२ च्या रात्री अलितालियाचे डीसी-८ जेट मुंबईला उतरण्यासाठी फार लवकर खाली आले आणि जुन्नरजवळ डोंगरावर आदळून ९४ जण मृत्यू पावले. आपण घाट ओलांडून पुढे आलो आहोत असे वैमानिकाला वाटले, आणि प्रत्यक्षात घाट त्याच्या पुढेच होता.

जेआरडींच्या स्वतःच्या कंपनीवर हा घाव दोनदा बसला, आणि तोही एकाच पर्वतावर. ३ नोव्हेंबर १९५० रोजी मलबार प्रिन्सेस जिनिव्हाकडे उतरताना वादळी हवेत मों ब्लाँवर कोसळले. ४८ जण मरण पावले. २४ जानेवारी १९६६ रोजी ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ त्याच पर्वतावर, जवळजवळ त्याच ठिकाणी आदळले. त्यातल्या ११७ जणांमध्ये डॉ. होमी भाभा होते. भाभा जेआरडींचे स्नेही. त्यांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची उभारणी १९४५ मध्ये झाली ती जेआरडींच्या पाठबळाने. या अपघाताविषयी घातपाताच्या कहाण्या अधूनमधून निघतात. चौकशीतून निघालेले कारण त्यामानाने रुक्ष आणि म्हणूनच अधिक अस्वस्थ करणारे आहे. दिशादर्शक यंत्रांपैकी एक बंद होते, वैमानिकाने पर्वताच्या संदर्भात आपली जागा चुकीची ताडली, रडारवर ते पाहून नियंत्रकाने दिलेली सूचना पुरेशी नेमकी नसल्याने तिचा अर्थ उलगडला नाही, आणि विमान खाली येत राहिले. ढगांचा तळ, डोंगराची उंची आणि विमानाची जागा या तीन आकड्यांपैकी एकात चूक झाली की बाकीचे दोन बरोबर असून उपयोग नसतो.

एअर इंडियाचे १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले. जेआरडींना ते मान्य नव्हते. तरीही अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले आणि एक पैसाही वेतन न घेता पाव शतक सांभाळले. १ जानेवारी १९७८ रोजी ‘एम्परर अशोक’ हे जंबो जेट सांताक्रूझहून उडून थोड्याच वेळात समुद्रात पडले, २१३ जण गेले. तेथे ढगाचा दोष नव्हता. रात्री समुद्रावर क्षितिज दिसत नाही, आणि विमान कोणत्या बाजूला कलले आहे हे दाखवणारे यंत्र बिघडले होते. पुढच्याच महिन्यात मोरारजी देसाई सरकारने जेआरडींना अध्यक्षपदावरून दूर केले. ज्या रीतीने ती बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचू देण्यात आली ती शिष्टाचाराला शोभणारी नव्हती. १९८० मध्ये इंदिरा गांधींनी त्यांना संचालक मंडळावर परत घेतले, अध्यक्षपद मात्र परत आले नाही.

आज मुंबईच्या विमानतळावर ढगाचा तळ लेझरच्या झोताने मोजला जातो. कुलाबा आणि वेरावली येथे डॉप्लर रडार आहेत, वर उपग्रह आहेत. विमानतळावरील प्रत्यक्ष हवेचा अहवाल दर अर्ध्या तासाने निघतो आणि पुढच्या चोवीस ते तीस तासांचा अंदाज दिवसातून चार वेळा. या दोहोंची गल्लत प्रवासीच नव्हे, नवशिके वैमानिकही करतात. अहवाल म्हणजे आत्ता काय आहे ते. अंदाज म्हणजे विमान पोहोचेल तेव्हा काय असेल याविषयीचे अनुमान. उड्डाणाची आखणी करणारा अधिकारी मुंबईच्या अंदाजात आपल्या पोहोचण्याच्या वेळेच्या आगेमागे काय लिहिले आहे ते पाहतो. ढग हळूहळू उतरणार आहेत की अधूनमधून, हे शब्द वेगळे असतात. अधूनमधून याचा अर्थ प्रत्येक खेपेस तासापेक्षा कमी काळ आणि एकूण मुदतीच्या निम्म्याहून कमी. अशा सरीसाठी आकाशात घिरट्या घालण्यापुरते जादा इंधन घेता येते. तळ कायमचा खाली जाणार असेल तर घिरट्यांचा उपयोग नाही, दुसरे शहर धरावे लागते. तीस किंवा चाळीस टक्के शक्यता असे लिहिले असेल तर ती दुर्लक्षिण्याजोगी नसते. आणि गडगडाटी क्युम्युलोनिंबस ढगाचा उल्लेख असेल तर त्याने किती अष्टमांश आकाश झाकले हा प्रश्न गौण ठरतो. तो एकटाही पुरेसा असतो. मुंबई बंद झाली की विमाने ज्या ठिकाणांकडे वळवली जातात त्यांत अहमदाबाद आहे. १९३२ साली बैलगाडीतून इंधन आले ते हेच शहर.

मलंगगड-माथेरानच्या रांगेपलीकडे पनवेलजवळ नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि त्या वर्षीच्या २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. चिखलोलीहून पावसाळ्यात जो डोंगर ढगात हरवतो, तोच आता एका मोठ्या विमानतळाच्या शेजाराला आहे.

जेआरडींनी आपले पहिले उड्डाण दोनदा पुन्हा करून पाहिले. १९६२ मध्ये तीस वर्षे झाली तेव्हा, आणि १९८२ मध्ये पन्नास वर्षे झाली तेव्हा, लेपर्ड मॉथ जातीच्या जुन्या विमानातून, कराची ते मुंबई. दुसऱ्या खेपेस त्यांचे वय ७८ होते. दोन्ही वेळा महिना ऑक्टोबरचाच. वर्धापनदिन तेव्हाच येत होता हे खरे, आणि अशा विमानाने जुलैमध्ये जाण्याची गरज त्या वेळी कोणालाच उरलेली नव्हती. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले आणि पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीत त्यांना ठेवण्यात आले. एअर इंडिया २७ जानेवारी २०२२ रोजी पुन्हा टाटांकडे आली.